रिकामं म्हणजे शून्य नव्हे

राजारामपुरीत, सायकलच्या दुकानावर आमचं ऑफिस.
खाली दिवसभर ट्यूबमधली हवा सुटत असते,
वर मी लिहीत असते
एका अवजाराची माहितीपुस्तिका.

अवजार तसं साधं.
एजंट विचारतो
(एजंट म्हणजे माणूस नव्हे, विम्याचाही नव्हे,
हे घरी तीनदा सांगून झालं)
रुग्णाचा क्रमांक देतो, तपासणीचं नाव, तारीख,
आणि अवजार लॅबच्या कपाटात हात घालून
कुणाच्या तरी रक्तातला आकडा बाहेर काढतं.
पापणी लवायच्या आत.

पहिलं पान सकाळीच झालं.
क्रमांक सक्तीचा. नुसतं नाव चालणार नाही.
का चालणार नाही, पुण्याहून प्रणितानं विचारलं,
तर मी लिहिलं: एकट्या करवीर तालुक्यात
आक्काताई पाटील एकोणीस,
त्यातल्या चौघींना साखर,
आणि दोघी एकाच बोळात.
तिनं ते खोडलं.
मी बारीक अक्षरात टीप म्हणून परत घातलं.

अडले दुसऱ्या पानावर.
निकाल आला नाही, की अवजार म्हणतं: सापडला नाही.
म्हणजे काय?
क्रमांक चुकला?
नळी अजून यंत्रात गरगरतेय?
की निकाल आहे, केव्हाचा तयार आहे,
विचारणाऱ्याला तो बघायचा हक्क नाही?
तीन वेगळी मौनं
आणि तिघांना मिळून एकच कुलूप.

दुपारी लक्ष्मीपुरीत गेले, बारगीरांच्या लॅबमध्ये.
बत्तीस वर्षं सुई धरलेला हात
चहाच्या कपाला तेवढा थरथरतो.
"दस्तगीरमामा, निकाल तयार नसला तर काय सांगता?"
"नाही म्हणून सांगतो. त्यात काय?"
"आणि वाईट असला तर?"
मामांनी कापसाचा बोळा डब्यात टाकला.
"तरी बी नाहीच म्हणतो. पण तवा उठून उभा ऱ्हातो.
बसा म्हणतो, च्या घ्या,
आन् मागच्या खोलीतनं डॉक्टरला फोन लावतो.
लोकास्नी कळतंय की ओ.
मी उठलो की बायका पदर तोंडाला लावत्यात."

बाहेर तोच बाक होता, रेक्झिन फाटलेला.
दोन वर्षांपूर्वी आई त्यावर बसली होती,
पिशवीत भाकरी, कारण उपाशीपोटी यायला सांगितलेलं.
मामा तेव्हाही उठले असतील.
मी मोबाईलमध्ये बघत होते.

परत आले ते हृषीकेश म्हेत्रेच्या खुर्चीमागं उभी राहिले.
एक उत्तर मोडून तीन करून दे म्हटलं.
"दोन दिवसांचं काम हाय ताई,
आन् मागितलंय कुणी?"
कुणीच नाही, म्हटलं.
त्यानं हेडफोन कानाला लावले,
रात्री साडेनऊला काढले. झालं होतं.

मग मी लिहिलं:
रिकामं म्हणजे शून्य नव्हे.
रिकामं म्हणजे सगळं ठीक, असंही नव्हे.
रिकाम्या जागेचा अर्थ एजंटाने लावू नये.

उदाहरण म्हणून हिमोग्लोबिन घातलं, सहा पूर्णांक एक.
प्रणितानं समासात विचारलं, एवढं कमी का,
नमुना आहे, तेरा कर, वाचणारा घाबरेल.
मी तो आकडा तसाच ठेवला.
नाव बदललं होतंच. तारीखही.

त्याच्याखाली एक ओळ उरली होती, धोक्याच्या खुणेची.
आकडा मर्यादेबाहेर असेल तर काय करायचं.
बराच वेळ कर्सर लुकलुकत होता.
खाली सायकलवाला शटर ओढत होता.

खूण असल्यास
एजंटाने निकाल वाचून दाखवू नये.
आधी एका माणसाला उठवावं.

सकाळी प्रणिताचा शेरा आलेला:
उठवावं की कळवावं?

उठवावं.